पिंजऱ्यातला बिबट्या आणि कागदावरचं हरीण

उसात बिबट्या दिसला की आपली पहिली मागणी पिंजऱ्याची असते. पिंजरा लागतो, बिबट्या सापडतो आणि वन खात्याची गाडी येईपर्यंत अर्धा गाव भोवती जमतो. कोणी काठीने डिवचतो, कोणी खडा मारतो. आत तो गजांना धडका देतो, गज चावून सुळे मोडून घेतो. ज्याची शेळी कालच गेली, त्याला कीव कुठून येणार, हेही खरंच.

हे फक्त खेड्यातच घडतं असं नाही. मुंबईत मुलुंडच्या पश्चिमेचा डोंगर चढला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागतं. जानेवारी २०१८ मध्ये मुलुंड पूर्वेच्या नाणेपाड्यात भरवस्तीत बिबट्या शिरला. माणसं जखमी झाली आणि शेवटी भुलीचं इंजेक्शन देऊन त्याला धरावं लागलं.

आता आज सांगायचं आहे ते एका चित्रपटाचं. माझं काम खता-बियाण्याचं, सिनेमावर लिहितोय म्हणून हसू नका. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली कार्टून विभाग काढला. डिस्ने कंपनीतले चित्रकार क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि १९५७ साली 'द बनियन डिअर' हा हाताने काढलेला बोलपट तयार झाला. गोष्ट जातकातली, चित्रांचा ढंग आपल्या अजिंठ्याचा.

गोष्ट शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे. काशीच्या राजाला शिकारीचा नाद. रोज रयतेने कामधंदा टाकून हाका घालायला जायचं. कंटाळून लोकांनीच हरणांचे दोन कळप राजाच्या बागेत हाकलले आणि फाटक लावून घेतलं. म्हणजे हरणं कोंडली ती राजाने नव्हे, कामाचा खोळंबा होणाऱ्या रयतेने! पुढे रोज एकाने मरायचं ठरलं. एका गाभण हरिणीची पाळी आली, तेव्हा एका कळपाच्या राजाने तिच्या जागी आपली मान ठेवली. ते पाहून राजाने सगळ्यांना अभय दिलं.

असा चित्रपट होतो कसा? पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात, मिनिटाला ७२०. पूर्वी कागदावरचं चित्र पारदर्शक पत्र्यावर गिरवायचे, रेघ पुढून आणि रंग मागच्या बाजूने. खाली झाडा-डोंगराचं चित्र ठेवून वरून कॅमेऱ्याने एकेक चौकट घ्यायची. हरीण चालताना भार कोणत्या पायावर येतो, कान कधी वळतो, हे पाहिल्याशिवाय हात चालत नाही. डिस्नेच्या 'बँबी'साठी तर दोन जिवंत पाडसं स्टुडिओत आणली होती.

यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. रानात धावणारं जनावर काढायला ढीगभर चित्रं लागतात, कारण प्रत्येक पाऊल वेगळं. पिंजऱ्यात येरझारा घालणारं जनावर काढायला मात्र पंधरा-वीस पुरतात. तीच चित्रं फिरवून फिरवून लावायची. चित्रकाराची मेहनत वाचते, कारण त्या जनावराच्या जगण्यात दुसरं काही उरलेलंच नसतं. आखूड दाव्याला दिवसभर बांधलेली, जागच्या जागी डोलणारी म्हैस आठवून पाहा. मुक्त गोठा करा असं आम्ही सांगतो तेव्हा बोलणं दुधावर जातं, हा भाग राहूनच जातो.

गुरुजींना आणि ग्रामपंचायतीला एक सुचवतो. शाळेत हा उद्योग करून पाहा. एक जुनी वही, पेन्सिल, आणि एकेक चित्राचा फोटो घ्यायला मोबाईल, एवढं पुरे. मोबाईल हलू नये म्हणून खुर्चीला घट्ट बांधा, उजेड एकाच बाजूने ठेवा. पोरांना बिबट्या लगेच काढायला लावू नका, गोठ्यातलं वासरू काढू द्या. बांधलेलं वासरू दहा-बारा पानांत होईल. दावं सोडल्यावर शेपूट वर करून ते अंगणभर जे उधळतं, त्याला मात्र वही पुरायची नाही, दुसरी जवळ ठेवा.