गटार कुणाच्या दारी?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी, हा महाराष्ट्रातला नियम. ती खर्च झाली का, हे विचारण्यासाठी आमचा कार्यकर्ता आजही दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवून अर्ज करतो. अर्ज करायचाच कशाला? माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक, खर्च, अनुदान योजनांचे लाभार्थी कुणी न मागता जाहीर व्हायला हवेत. त्यासाठी मुदत होती १२० दिवसांची. वीस वर्षे उलटली!

संकेतस्थळावर आकडे येऊ लागले, हे मान्य. पण नुसते 'गटार बांधकाम' लिहिले, तर ते बौद्धवाड्यात झाले की पाटलाच्या वाड्यासमोर, हे कसे कळणार? १९९४ मध्ये राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली. सरकारी हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले. आपल्या संस्थांनी शिबिरे, सत्कार थोडे कमी करून टेप आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत घेऊन वस्तीत उभे राहावे.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८ बदलले. त्यामुळे 'वैयक्तिक माहिती' म्हणून लाभार्थ्यांची यादी नाकारणे सोपे झाले. मात्र जनहिताचे कलम ८(२) शाबूत आहे. अपिलात कलम ४ सोबत तेही न विसरता लिहा.