गुडघ्याची दुखापत आणि आधारपट्ट्याची निवड

मार्गशीर्ष वद्यात नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते आणि तेथे कुस्त्यांचा फड रंगतो. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडने हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा ‘रुस्तुम-ए-हिंद’ मल्ल देशाला दिला. कबड्डी आणि खो-खो तर या दोन्ही जिल्ह्यांतील शाळाशाळांतून खेळले जातात. मैदानी खेळांची ही परंपरा अभिमानास्पद आहे. तथापि, मैदानावर क्षणार्धात घडणारी एक दुखापत अनेक तरुणांना वर्षानुवर्षे त्रास देते. ती म्हणजे गुडघ्याच्या अस्थिबंधाची, सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दात सांगावयाचे तर ‘लिगामेंट’ची, दुखापत होय. खेळाडूंप्रमाणेच दुचाकीवरून घसरणारे प्रवासी आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या बांधावरून पाय निसटणारे शेतकरी यांनाही ती होते.

अशा वेळी घरोघरी घडणारा क्रम ठरलेला असतो. प्रथम तेल लावून चोळणे, नंतर कोणाकडून तरी गुडघा ‘बसवून’ घेणे आणि अखेरीस औषधाच्या दुकानातून एक पट्टा विकत आणणे. पट्टा कोणता घ्यावा, हा प्रश्न सर्वच विचारतात. परंतु नेमके काय तुटले आहे, हा त्याआधीचा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वास्तविक या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरच पट्ट्याची निवड अवलंबून असते.

गुडघ्याची रचना

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकत्र येतात तो सांधा म्हणजे गुडघा. खुब्याप्रमाणे येथे एक हाड दुसऱ्याच्या खोल खोबणीत बसलेले नसते. त्यामुळे त्यांना जागेवर धरून ठेवण्याचे काम प्रामुख्याने चार अस्थिबंध व सभोवतालचे स्नायू करतात. दोन अस्थिबंध सांध्याच्या दोन्ही बाजूंस असतात, तर दोन सांध्याच्या आत एकमेकांना छेदून जातात. आतील दोहोंपैकी पुढचा अस्थिबंध ‘एसीएल’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. तो नडगीला पुढे सरकू देत नाही आणि सांध्याच्या पिळावर नियंत्रण ठेवतो.

चढाई करणारा कबड्डीपटू एकाएकी वळतो, पाऊल जमिनीत रुतलेले राहते व शरीर फिरते. अशा वेळी बहुधा ‘एसीएल’ तुटतो. अनेकांना ‘कट्’ असा आवाज जाणवतो, सांध्यात रक्त साचून काही तासांतच सूज येते आणि पुढे चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो. बाहेरून धक्का बसल्यास आतल्या बाजूच्या अस्थिबंधास इजा होते. दुचाकीवरून पडून वाकलेल्या गुडघ्याखाली नडगीवर मार बसल्यास मागचा अस्थिबंध दुखावतो.

या सर्वांचे भवितव्य सारखे नसते. आतल्या बाजूचा अस्थिबंध बहुसंख्य रुग्णांत शस्त्रक्रियेविना भरून येतो. पूर्ण तुटलेला ‘एसीएल’ मात्र आपोआप सांधला जाईल असा भरवसा धरता येत नाही. यास्तव एका रुग्णाला लाभलेला पट्टा दुसऱ्यालाही लाभेलच असे नाही.

पहिले दोन दिवस

दुखापत होताच खेळ थांबवावा. बर्फ कापडात गुंडाळून दिवसातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटे लावावा. गुडघ्याभोवती ताणपट्टी बेताने गुंडाळावी व पाय उशीवर उंच ठेवावा. या काळात चोळणे, शेकणे व ओढणे कटाक्षाने टाळावे.

हाड मोडले असण्याची शंका केव्हा घ्यावी, यासाठी कॅनडातील डॉक्टरांनी १९९५ साली काही सोपे नियम मांडले. चार पावले टाकता न येणे, गुडघा काटकोनापर्यंत न वाकणे, केवळ वाटीवर किंवा गुडघ्याखालील बाहेरच्या हाडाच्या टोकावर दाबताच दुखणे, अथवा रुग्णाचे वय ५५ किंवा अधिक असणे, यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी क्ष-किरण तपासणी आवश्यक ठरते. गुडघा वेडावाकडा दिसत असेल, पाऊल थंड वा फिकट पडले असेल किंवा त्यास बधिरता आली असेल, तर रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. अशा प्रसंगी पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तात्काळ बोलवावी. येथे तासांचा विलंबही पाय गमावण्यास कारणीभूत ठरू शकतो.

पट्ट्यांचे प्रकार

बाजारात मिळणाऱ्या साधनांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडाची ‘नी-कॅप’. ती ऊब देते, सूज थोडी आवरते आणि रुग्णाला धीर वाटतो. परंतु तुटलेल्या अस्थिबंधाचे काम ती करू शकत नाही. ‘नी-कॅप’ घालून पुन्हा मैदानात उतरणाऱ्या खेळाडूची गादी, म्हणजेच सांध्यातील कुर्चा, फाटण्याचा धोका कायम राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे मांडीपासून घोट्याच्या वरपर्यंत जाणारा, आत पट्ट्या घातलेला लांब सरळ पट्टा, अर्थात ‘इमोबिलायझर’. तो गुडघा वाकूच देत नाही. वाटीचे हाड मोडणे, वाटी निखळणे, मांडीच्या स्नायूची कंडरा तुटणे अशा दुखापतींत आणि काही शस्त्रक्रियांनंतर त्याचे महत्त्व मोठे आहे. केवळ अस्थिबंध दुखावला असेल, तर तज्ज्ञाची तपासणी होईपर्यंत अल्पकाळ आधार देणे एवढाच त्याचा सामान्यतः उपयोग. आठवड्यांमागून आठवडे तो बांधून ठेवल्यास सांधा आखडतो व मांडीचा स्नायू झपाट्याने रोडावतो.

तिसरा प्रकार बिजागरीच्या पट्ट्याचा. त्याच्या दोन्ही बाजूंस बिजागऱ्या असतात. त्यामुळे गुडघा वाकतो, परंतु बाजूला झुकत नाही. काही पट्ट्यांत गुडघा किती अंशांपर्यंत वाकू द्यावयाचा, हे ठरविता येते. आतल्या बाजूच्या अस्थिबंधाच्या मध्यम व गंभीर दुखापतीत हा पट्टा साधारणतः चार ते सहा आठवडे वापरतात. मागच्या अस्थिबंधासाठी नडगीला मागून आधार देणारा वेगळा पट्टा लागतो.

चौथा प्रकार खेळाडूंसाठीच्या ताठ चौकटीच्या पट्ट्याचा. अमेरिकन फुटबॉलपटू जो नेमथ याच्या अधू गुडघ्यासाठी न्यूयॉर्कच्या लेनॉक्स हिल रुग्णालयात तयार झालेल्या पट्ट्यामुळे हा प्रकार जगभर प्रसिद्धीस आला. तथापि, ‘एसीएल’च्या शस्त्रक्रियेनंतर असा पट्टा प्रत्येकाने वापरलाच पाहिजे, असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. याशिवाय गुडघ्याच्या झिजेसाठी भार एका बाजूस वळविणारे पट्टेही मिळतात; ते अस्थिबंधाच्या दुखापतीसाठी नव्हेत. महाग पट्टा तो चांगला, ही समजूत म्हणूनच सोडून दिली पाहिजे.

माप आणि बांधणी

पट्टा अंदाजाने घेऊ नये. वाटीच्या मध्यापासून साधारणतः १५ सेंटिमीटर वर मांडीचा व तितकेच खाली पोटरीचा घेर मोजावा आणि तो उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहावा. बिजागरी वाटीच्या मध्याच्या रेषेत यावी. पट्टा खाली घसरला की बिजागरीची जागा चुकते व आधार निरुपयोगी ठरतो. बंद इतपत आवळावा की त्याखाली दोन बोटे जातील. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूस हाडाच्या उंचवट्याजवळून एक मज्जातंतू जातो. तेथे बंद रुतल्यास पावलाला मुंग्या येतात आणि पंजा वर उचलणे कठीण होते. तसे झाल्यास पट्टा लगेच सैल करून डॉक्टरांना दाखवावे. पोटरी दुखून सुजल्यास किंवा अचानक धाप लागल्यास रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. तेव्हा विनाविलंब रुग्णालय गाठावे.

मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात पट्ट्याखाली घाम साचून कातडी सोलवटते. यासाठी आत सुती मोजा घालावा व परवानगी असल्यास रोज पट्टा काढून त्वचा पाहावी. जमिनीवर मांडी घालणे व उकिडवे बसणे काही काळ बंद ठेवावे लागते. शौचासाठी खुर्चीची सोय करावी. सोयाबीनची कापणी वा निंदणी यांसारखी बसून करावयाची कामे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पुन्हा सुरू करावीत.

खरा आधार स्नायूंचा

पट्टा बाहेरून आधार देतो, तर मांडीचे बळकट स्नायू आतून. म्हणून डॉक्टरांची संमती मिळताच मांडीचा स्नायू आवळून धरणे, सरळ पाय उचलणे व टाच हळूहळू मागे सरकविणे हे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकून नियमाने करावेत. व्यायामाचे मोल किती, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासाने दाखविले. ‘एसीएल’ तुटलेल्या १२१ तरुणांपैकी काहींवर लवकर शस्त्रक्रिया करण्यात आली, तर इतरांना प्रथम व्यायामोपचार देऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवण्यात आला. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखीच होती आणि दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागली नव्हती. मात्र गुडघा वारंवार निसटत असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास सामान्यतः किमान नऊ महिने लागतात.

तपासणी आणि साहाय्य

नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत अस्थिरोगतज्ज्ञांची सेवा उपलब्ध आहे. किनवट, देगलूर, उदगीर वा निलंगा भागातील रुग्णाने प्रथम नजीकच्या शासकीय रुग्णालयात दाखवून तेथून चिठ्ठी घ्यावी. शासनाची आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेडचा समावेश होता. २०१३ मध्ये ती उर्वरित राज्यात पोहोचली व २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालते. आपला उपचार योजनेत बसतो किंवा नाही, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

आपले कर्तव्य

क्रीडाशिक्षकांनी स्पर्धेच्या जागी बर्फ, ताणपट्टी, पाय बांधण्यासाठी फळ्या आणि वाहन यांची तजवीज आधीच करावी. जखमी विद्यार्थ्याला ‘थोडे चालून पाहा’ असा आग्रह करू नये व सामना जिंकण्यासाठी त्याला पुन्हा उतरवू नये. पंचायत सदस्यांनी यात्रेतील कुस्त्यांच्या आखाड्याची माती भुसभुशीत आहे हे पाहावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला आगाऊ कळवावे. गावातील तरुण तेल चोळण्यात महिनोन्‌महिने घालवीत असेल, तर त्याला तपासणीस पाठविण्याचा शब्द शिक्षकाचा वा सरपंचाचाच अधिक मानला जातो. आधी निदान, मग पट्टा आणि त्याच्या जोडीला व्यायाम हा क्रम गावोगावी रुजला, तर अनेक कुटुंबांतील कमावता हात अधू होण्यापासून वाचेल.