वेतनमर्यादा आणि ट्रेड एक्सेप्शन

संघाने खेळाडूंच्या वेतनावर जास्तीत जास्त किती खर्च करावा, याची सीमा म्हणजे वेतनमर्यादा. आयपीएलमध्ये ती कडक असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने १५ कोटींच्या हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणले. त्याच वेळी १७.५ कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बंगळुरूला दिल्याने पर्समध्ये जागा झाली. पर्समध्ये जागा नसेल, तर खेळाडू कितीही आवडला तरी घेता येत नाही.

अमेरिकेतील एनबीए बास्केटबॉलमध्ये १९८४-८५ पासूनची मर्यादा मात्र सैल आहे. स्वतःच्या जुन्या खेळाडूशी नवा करार करताना संघ ती ओलांडू शकतो, आणि बरेच संघ ओलांडतातही. खरी पंचाईत असा खेळाडू सोडून गेला की होते. तो गेल्यावरही एकूण वेतन मर्यादेच्या वरच राहते, त्यामुळे त्याच्या तोडीचा दुसरा घ्यायला जागा उरत नाही.

इथे ट्रेड एक्सेप्शन कामाला येते. अदलाबदलीत दिलेल्या खेळाडूचे वेतन परत आलेल्यापेक्षा जास्त असेल, तर तो फरक संघाच्या नावे एक वर्ष राहतो. तेवढ्या वेतनाचा खेळाडू नंतर दुसऱ्या संघाकडून घेता येतो, बदल्यात वेतन न पाठवता.

नोव्हेंबर २०२० मध्ये गॉर्डन हेवर्ड बॉस्टन सोडून शार्लटला निघाला. तो तसाच गेला असता तर बॉस्टनच्या हाती काही लागले नसते. दोन्ही संघांनी 'करार करून अदलाबदल' असा मार्ग काढला आणि बॉस्टनला २.८५ कोटी डॉलरचे एक्सेप्शन मिळाले. त्यातूनच मार्च २०२१ मध्ये एव्हान फोर्निये आला.

लक्षात ठेवा, हे रोख पैसे नव्हेत. ही फक्त परवानगी आहे. ती दुसऱ्या खेळाडूच्या वेतनात मिळवता येत नाही: २.८५ कोटींचे एक्सेप्शन आणि १ कोटीचा खेळाडू देऊन ३.८५ कोटींचा खेळाडू मिळत नाही. परीक्षेत विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. शिवाय येणाऱ्या खेळाडूचे वेतन संघालाच द्यावे लागते, आणि खर्च ठरावीक रेषेपलीकडे गेला की वर लक्झरी टॅक्स भरावा लागतो.

फोर्नियेही त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कला गेला. त्यातून बॉस्टनला सुमारे १.७ कोटींचे नवे एक्सेप्शन मिळाले. ते २०२२ मध्ये न वापरताच संपले.