‘स्ट्राइक’ म्हणजे घाव नव्हे



‘कारखान्यात स्ट्राइक झाला’ असे ऐकले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उगारलेली मूठ आणि फुटलेल्या काचा येतात. यात थोडा दोष त्या इंग्रजी शब्दाचाही आहे. स्ट्राइक म्हणजे मारणे, हे आपण शाळेत शिकलो. मग स्ट्राइक करणारा तो मारणारा, असा हिशेब मनात आपोआप बसतो. तो हिशेब तपासून पाहावा, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे मूळ अर्थ हात फिरवणे, चालून जाणे, असे सौम्य होते. घाव घालण्याचा अर्थ मागाहून आला. खलाशांच्या तोंडी मात्र त्याला निराळाच अर्थ मिळाला, तो म्हणजे खाली उतरवणे. शीड उतरवणे म्हणजे स्ट्राइक, निशाण उतरवणे म्हणजेही स्ट्राइक.

1768 साली इंग्लंडातील संडरलंड बंदरात खलाशांनी आपली गाऱ्हाणी जाहीर वाचली, आणि मग जहाजांवर चढून शिडांच्या आडव्या काठ्या खाली उतरवल्या. त्याच वर्षी लंडनला थेम्स नदीवर वेतनवाढीसाठी हेच घडले. तेथे दंगेही झाले, हे आम्ही लपवीत नाही. परंतु काम थांबवण्याला नाव मिळाले ते शीड उतरवण्यावरून. वारा फुकट मिळतो. शीड चढवणारा हात फुकट मिळत नाही, हे त्या दिवशी मालकांना कळले.

इतर भाषांतही पाहा. फ्रेंच लोक संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात. ग्रेव्ह हे पॅरिसमधील सेन नदीकाठचे मैदान. आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे राहतात, तसे तेथे बेकार लोक कामाची वाट पाहत उभे राहत. हरताळ म्हणजे हाटाला, दुकानाला, टाळे. आणि ‘संप’ या शब्दाचा गुजरातीत अर्थ आहे एकोपा. 1908 साली लोकमान्यांना शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, ते या एकोप्याच्याच बळावर.

पण शीड उतरवणारा स्वतःही त्याच जहाजावर असतो, हे विसरू नये. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हजारोंना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. संपाची पहिली झळ संपकऱ्याच्या चुलीला लागते. म्हणून तो कोणी हौसेने करीत नाही.

तेव्हा यापुढे हा शब्द कानी पडला, तर घाव कोणी घातला हे विचारण्याआधी शीड का उतरवावे लागले, हे विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.