राहू दे, मी उचलते!

गोल्फ हा शब्द वाचूनच तुमच्यापैकी निम्म्या जणी पान उलटतील, ह्याची मला कल्पना आहे. ‘हा काय आपला खेळ! साहेबलोकांचा, क्लबातला!’ मीसुद्धा हेच म्हणत होते. पण तीन वर्षांपूर्वी ह्यांची बदली एका छावणीच्या गावी झाली आणि घर मिळालं ते नेमकं गोल्फच्या मैदानाला लागून. माझी शाळा सकाळच्या चार तासांची. दुपारनंतर मोकळीच असे. आधी नुसती पाय मोकळे करायला म्हणून ह्यांच्याबरोबर जाऊ लागले, मग हातात काठी आली.

लांब फटका मारायला जोर लागतो, तो माझ्यात नाही. पण तुम्हाला एक गंमत सांगू? ह्या खेळाचा निम्मा हिशेब जोराचा नाहीच. अठरा होलच्या मोठ्या मैदानावर खेळ बहुधा ७२ फटक्यांत पुरा व्हावा, असं धरलेलं असतं. त्यांतले ३६, म्हणजे दर होलला दोन, हे एकदम बारीक कापलेल्या हिरवळीवरचे असतात. तिला ग्रीन म्हणतात. तिथे चेंडू उडवायचा नसतो. पटर नावाच्या चपट्या तोंडाच्या काठीनं हलका टोला देऊन तो घरंगळत होलमध्ये घालवायचा. गोट्या खेळताना मुलं जमिनीत गल करतात ना, तसलंच हे होल. सव्वाचार इंच रुंद, आपल्या आमटीच्या वाटीएवढं. आणि हिशेबात दोनशे यार्डांचा फटका एक, तसाच एक फुटाचा हा पटही एकच!

म्हणजे बायकांना सोपं, नाही का? मलाही तसंच वाटलं होतं. पण पहिली दोन वर्षं माझी सगळी फजिती झाली ती इथेच. चेंडू ग्रीनवर आला की माझं लक्ष होलकडे नसे, माणसांकडे असे. हे पुढे निघालेले, बरोबरचं जोडपं झेंडा धरून उभं, मागची चौकडी कमरेवर हात ठेवून बघतेय. मग मी घाईघाईनं एक टोला द्यायची, चेंडू कुठेतरी जायचा आणि मी वाकून म्हणायची, “राहू दे, मी उचलते.” मैत्रीच्या खेळात चालतं ते. कुणी हरकत घेत नाही. उलट ‘वहिनी फार समजूतदार’ असंच म्हणतात!

गेल्या वर्षी जोडप्यांची स्पर्धा होती आणि त्या दिवशी चेंडू उचलायची सोय नव्हती. शेवटचा पट तीन फुटांचा होता. तो घातला असता तर आमची जोडी दुसरी येत होती. मी नीट उभीही राहिले नाही. चेंडू होलच्या डावीकडून खाली निघून गेला. घरी येईपर्यंत हे एवढंच म्हणाले, “जाऊ दे गं, त्यात काय!” रागावले असते तर परवडलं असतं. कारण मला ठाऊक होतं, तो पट मी चुकले नव्हते. तो मी खेळलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्या कॅडीमामांना विचारलं. तीस वर्षं ह्याच मैदानावर लोकांच्या पिशव्या वाहिलेला माणूस. ते म्हणाले, “ताई, चेंडू नका बघू. हितं बादलीभर पाणी वतलं तर कुठं जाईल, तेवढं बघा.”

अहो, हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको! फरशी धुताना मोरीकडे ढाळ कुठून आहे आणि कुठल्या कोपऱ्यात पाणी अडून बसतं, हे आपल्याइतकं कोण जाणतं? ग्रीनसुद्धा पाणी साचू नये म्हणून ढाळ देऊनच बांधतात. तेव्हापासून मी ग्रीनकडे चालत येतानाच, तीस-चाळीस पावलांवरून, उंच बाजू कुठली आणि पाणी कुठून बाहेर पडेल ते बघून ठेवते. जवळ गेल्यावर हे दिसत नाही, जमीन सपाट भासते.

ग्रीनवर आले की चेंडूमागे नाणं ठेवायचं, चेंडू उचलून पुसायचा. मग चेंडूच्या मागे उकिडवं बसून होलकडे पाहायचं. (साडीत जमत नाही, मी पंजाबी ड्रेस घालते.) तिथून डावा-उजवा उतार कळतो. चढ आहे की उतार, हे मात्र बाजूनं, आणि तेही खालच्या बाजूनं पाहिलं तर चांगलं उमगतं. शेवटी होलजवळचे दोन-तीन फूट. तिथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण चेंडू मंदावला की उताराच्या जास्त आहारी जातो. डोळ्यांचा भरवसा वाटत नसेल तर निम्म्या वाटेवर पाय फाकून उभं राहा. ज्या पायावर भार जास्त वाटेल, ती बाजू खालची. हल्ली मोठे खेळाडूही असाच पायांनी उतार जोखतात.

आणखी एक म्हणजे गवताचा कल. उष्ण हवेतल्या ग्रीनवर पुष्कळदा बर्म्युडा गवत असतं, म्हणजे आपल्या दूर्वांच्याच कुळातलं. मखमलीवर एका बाजूनं हात फिरवला की ती चमकते आणि उलट फिरवला की काळपट दिसते, तसंच इथे. गवत चमकताना दिसलं तर ते तुमच्यापासून पलीकडे झुकलेलं आहे आणि चेंडू भरभर जाईल. मंद, गडद दिसलं तर टोला जरा जास्त हवा. फक्त डोळ्यांनीच बघायचं हं! हात घासून परीक्षा घेणं नियमात बसत नाही. सकाळी दव असेल तर चेंडू आणखी अडतो.

माझी खरी चूक मला इथे सापडली. मी आधी दिशा ठरवायची आणि वेग जाईल तसा जाईल म्हणायची. वास्तविक वेग आधी ठरला पाहिजे. त्याच उतारावर जोरात गेलेला चेंडू कमी वळतो, हळू गेलेला जास्त. मग वेग ठरवल्याशिवाय दिशा ठरणार कशी? आणि जोरात आलेला चेंडू होलच्या काठावरून उडून जातो. ‘नासा’त शास्त्रज्ञ असलेले डेव्ह पेल्झ पुढे गोल्फचे शिक्षक झाले. होल चुकलाच तर चेंडू १७ इंच पलीकडे जाऊन थांबावा, असं त्यांचं माप. मी वीतभर-दोन वीत एवढंच लक्षात ठेवते. तीस फुटांवरून तर होलचा हट्टच धरत नाही. होलभोवती तीन फुटांचं रांगोळीचं वर्तुळ आहे असं समजायचं आणि त्यात चेंडू नेऊन ठेवायचा.

बस्स, ठरलं की पुन्हा विचार नाही. चेंडूपुढे हातभर अंतरावर गवतातला एखादा ठिपका हेरायचा. होलकडे बघत दोन वेळा हवेत काठी हलवायची. उभं राहायचं, एकदा होल, एकदा चेंडू, आणि टोला. मान वर करायची नाही. चेंडू पडला की टप्पकन आवाज येतोच! २०१९ पासून कॅडीला तुमच्या मागे उभं राहून नेम जुळवून देता येत नाही, तेव्हा हे सगळं आपलं आपणच करायचं.

“एवढा वेळ लोक थांबतील?” असं तुम्ही विचाराल. मी घड्याळ लावून पाहिलं. इतरांचा पट चालू असताना निम्मं पाहून होतं. आपली पाळी आल्यावर नियमांनीच सुचवलेले चाळीस सेकंद असतात. मला तीस पुरतात. दोन वर्षं मी स्वतःला दहासुद्धा देत नव्हते.

टोकियोचं ऑलिंपिक आठवतं? २०२१ च्या ऑगस्टमध्ये, शनिवारी भल्या सकाळी अदिती अशोकचा खेळ बघायला कितीतरी घरांत टीव्ही लागला होता. लांब फटक्यांत ती इतरांच्या मागे होती. पण ग्रीनवर आली की बरोबरी साधायची. पिशवी घेऊन बरोबर कोण होतं? तिची आई! चार दिवसांत २६९ फटके, आणि एका फटक्यानं पदक हुकून चौथी. शेवटच्या होलवरचा पट गेला नाही. पण तोही तिनं तितक्याच शांतपणे पाहून मारला होता. मी तेव्हा गोल्फमधलं ओ की ठो जाणत नव्हते, तरी ते लक्षात राहिलं.

सरावाला मैदानच हवं असं नाही. मी रात्री मागचं आवरल्यावर हॉलमधल्या सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवते. त्याचं तोंड होलपेक्षा लहान असतं, त्यामुळे मैदानावर होल मोठं वाटतं. वाटेत दोन काडेपेट्या, मधून चेंडू जाईल एवढीच फट. ओळीनं दहा गेले पाहिजेत. एक चुकला की पुन्हा एकपासून. मुलं मोजायला बसतात आणि आठव्याला मुद्दाम शिंकतात.

ह्या वर्षीच्या जोडप्यांच्या स्पर्धेत पुन्हा तसाच प्रसंग आला. चार फूट, उताराचा, उजवीकडून डावीकडे वळणारा. मागची चौकडी येऊन थांबलेली. हे हळूच म्हणाले, “आवर गं, लोक थांबलेत.” मी म्हटलं, “थांबू देत.” नाणं ठेवलं, चेंडू पुसला, खालच्या बाजूनं जाऊन बघून आले, पायांनी जोखलं, दोनदा काठी हलवली आणि मारला.

चेंडू होलच्या वरच्या काठावर टेकला, तिथे क्षणभर रेंगाळला आणि पलीकडे वीतभरावर थांबला. ह्यांनी सवयीनं तो उचलायला हात पुढे केला. मी त्यांना थांबवलं, पुन्हा नाणं ठेवलं आणि दुसऱ्या टोल्यात घातला. कार्डावर सहा आकडा मीच लिहिला.

आता सतरंजीच्या एका टोकाखाली दोन पाठ्यपुस्तकं सरकवली आहेत, उताराचा सराव चाललाय.