गावाचे भूदृश्य आणि विकासाची आखणी

डोंगरमाथ्यावर सडा, उतारावर झाडी, झरीच्या पाण्यावर पोसलेले कुळागर, पायथ्याशी वस्ती, पुढे भातशेती आणि शेवटी खाडीकाठचे खाजन, असा गोव्यातील अनेक गावांचा क्रम आहे. जमीन, पाणी, झाडोरा व वस्ती यांच्या मेळातून गावाचे जे वैशिष्ट्यपूर्ण रूप घडते, त्यास भूदृश्य म्हणतात. रस्ता वा इमारत यांची जागा ठरविण्यापूर्वी या रूपाची रीतसर पाहणी का करावी, हे खाजनाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

खाजन जमीन भरतीच्या पातळीहून सखल असते. गोव्यात ती सुमारे 18 हजार हेक्टर आहे. पूर्वजांनी माती, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून ती खाडीपासून मिळविली आणि गावकरी संस्थांनी शतकानुशतके तिची निगा राखली. बांधातील मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटीला उघडून आतील पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यातील गोडे पाणी जमिनीचा खारटपणा धुऊन काढते. म्हणूनच तेथे कोरगुट भात पिकते. अतिवृष्टीत डोंगराकडून येणारे पाणीही हेच खाजन सामावून घेते.

एकेका सर्व्हे क्रमांकाचा सुटा विचार केल्यास हा संबंध दृष्टीआड होतो. नमुना 1 व 14 वरून कब्जेदार, कूळ व पीक कळते. पाण्याची वाट कळत नाही. उतार कापला, तर माती वाहून शेतात व मानशीच्या तोंडाशी साचते. शेतातून भराव घालून रस्ता नेला आणि मोऱ्या अपुऱ्या ठेवल्या, तर पाणी वस्तीकडे फुगते. फुटलेल्या बांधाची दुरुस्ती लांबली, तर शेत खारे होऊन कालांतराने तेथे खारफुटी वाढते. एकाच्या कामाचे नुकसान असे साऱ्या गावास सोसावे लागते.

यास्तव पाहणी पुढील क्रमाने करावी :

1. चढउतार, माती, पाणी व वापर पाहून नकाशावर गावाचे विभाग पाडावेत.

2. प्रत्येक विभागातील झरी, तळी, बांध, मानशी, पायवाटा, देवराया यांची नोंद घ्यावी.

3. त्यांची सद्यःस्थिती, तसेच कोणता बदल त्यांना सोसेल व कोणता सोसणार नाही, हे लिहावे.

4. त्यावरून जतन, दुरुस्ती व नवे बांधकाम यांच्या जागा सुचवाव्यात.

पाहणी पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा व्हावी. पाण्याच्या जुन्या वाटा वृद्ध शेतकऱ्यांस ठाऊक असतात. त्यांची माहिती शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी टिपून घ्यावी. नगर व ग्राम नियोजन कायदा, 1974 च्या कलम 17-अ अन्वये डोंगराळ जमीन कापण्यास वा सखल जमीन भरण्यास मुख्य नगर नियोजकांची लेखी पूर्वपरवानगी लागते. अशा अर्जांचा विचार करताना अधिकाऱ्यांसमोर गावाचा हा नकाशा असल्यास निर्णय अधिक डोळस होईल.

विकास अडविणे हा या पाहणीचा हेतू नाही. घर, शाळा, रस्ता हवेतच. ते योग्य जागी व्हावेत, एवढेच. तयार झालेला नकाशा ग्रामसभेपुढे ठेवून त्यावर चर्चा करणे हे ग्रामस्थांच्याच हिताचे आहे.