सहाव्या दाताला

सकाळचे साडेसात. आज आमच्या भागात पाण्याचा दिवस. जुळे सोलापुरातल्या या गल्लीत दारादारापुढे मोटारी घुमतायत, हिरवे-निळे पाइप रस्त्यावर आडवेतिडवे पडलेत आणि त्यांच्या मधोमध आमची पांढरी मारुती ८०० मागचा भाग वर करून उभी आहे. मागची दोन्ही चाकं काढून अंगणाच्या भिंतीला टेकवलीत. एक्सलखाली दोन लोखंडी स्टँड. गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. म्हणजे एकूण चार. त्यातले तीन आज सकाळी शोधून आणले. चौथा गाडीचाच.

हा चौथा म्हणजे आईच्या फुटलेल्या धुण्याच्या दगडाचा तुकडा. काळाभोर, एक बाजू वर्षानुवर्षांच्या साबणानं गुळगुळीत झालेली. गेली तीन वर्षं त्याचा मुक्काम डिकीत. कुठंही गाडी लावली की एकानं उतरायचं, डिकी उघडायची, दगड चाकाखाली सारायचा. निघताना तेच उलट. हँडब्रेकचा दांडा तेवढा दिमाखात वर येतो, कटकट वाजत शेवटच्या दातापर्यंत जातो, आणि गाडी हळूच मागं सरकते. नव्या पेठेत एकदा ती अशीच सरकत भाजीच्या हातगाडीला जाऊन टेकली होती. चार किलो टोमॅटो विकत घेऊन प्रकरण मिटवलं.

मोटार वाहन कायद्याच्या, १९८८ च्या, कलम १२६ मध्ये याबद्दल सांगितलंय. चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा काही उपाय केलेला हवा. या ‘दुसऱ्या उपाया’त आईचा दगड बसतो, असा माझा युक्तिवाद. अप्पांना तो मान्य नाही.

“मंगळवारी आरटीओत न्यायचीय,” ते म्हणतात. “१० हजार भरायचे आणि साहेबाला दगड दाखवायचा?”

गाडी डिसेंबर २००० ची. पहिली पंधरा वर्षं संपल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, तसं हे आमचं तिसरं नूतनीकरण. पूर्वी याला ६०० रुपये लागायचे. १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाले, आणि वीस वर्षांपलीकडच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार. गाडी विकायला काढली तर कितीला जाईल, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारत नाही.

अप्पांचं वय ७६. एसटीच्या कार्यशाळेत हयात गेली, निवृत्तीच्या पैशांतून २००७ साली ही गाडी घेतली, सेकंडहँड. आता गुडघे खाली बसू देत नाहीत, म्हणून ते प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून हुकूम सोडतायत. गाडीखाली आहे माझा भाचा. काल रात्री तो नंदीध्वजाच्या सरावाला गेला होता. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा महिन्यावर आलीय. काठी पेलून त्याचा उजवा खांदा सुजलाय आणि आज नेमका त्याच हातानं पाना आवळायचाय. माझ्याकडं टॉर्च आणि डबा. डब्यात नटबोल्ट ठेवायचे, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं.

भाच्याच्या पाठीखाली जुनी सोलापुरी चादर आहे. आई दोनदा दारात येऊन ती कुठली चादर, ते बघून गेलीय.

डाव्या बाजूचा ड्रम आधी. मधली डस्ट कॅप छिन्नीच्या हलक्या ठोक्यांनी सुटते. आत ग्रीसमध्ये बुडालेला मुकुटासारखा नट, त्यातून आरपार गेलेली स्प्लिट पिन. भाचा पिनेची टोकं सरळ करून ती डब्यात टाकायला लागतो तसे अप्पा गरजतात, “ती परत वापरायची नाही. नवी आणलीय.” चार आण्याच्या पिनेवर अख्खं चाक, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय.

नट सुटतो, ड्रम सुटत नाही. हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना, हे मी दोनदा बघून येते. लाकडी हातोड्यानं कडेकडेनं ठोकत, फिरवत, पुन्हा ठोकत शेवटी तो निघतो आणि आतली काळी भुकटी चादरीवर सांडते. भाचा फुंकर मारायला गाल फुगवतो.

“ए बे! फुंकू नको!”

आई आतून, “बे काय म्हणता पोराला?”

अप्पा ओलं फडकं पुढं करतात. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही. पूर्वी गॅरेजात सगळे हवेच्या पाइपानं ड्रम साफ करायचे आणि त्या ढगात उभे राहून चहा प्यायचे, असं ते सांगतात. पुढं काही बोलत नाहीत. भाचा मुकाट्यानं पुसायला लागतो.

पुसल्यावर यंत्र दिसतं. समोरासमोर दोन अर्धगोल शू, वर तेलाचा छोटा सिलिंडर, आडवी पट्टी, ताणलेल्या स्प्रिंगा. पायाचा ब्रेक दाबला की तेल सिलिंडरमधून शू फाकवतं. हँडब्रेकला तेलाशी देणंघेणं नाही. मागच्या शूला एक लोखंडी लिव्हर लटकतो, त्याच्या टोकाला केबल अडकवलेली. केबल लिव्हर ओढते, लिव्हर आडव्या पट्टीतून दुसऱ्या शूला ढकलतो, दोन्ही शू ड्रमला चिकटतात. तेल गळून गेलं तरी चालणारा हा ब्रेक, म्हणूनच त्याला सगळं वेगळं दिलेलं.

भाचा मोबाइलवर चार फोटो काढतो.

“काढ की. पण पलीकडचा ड्रम उघडायचा नाही अजून,” अप्पा सांगतात. “अडलं तर तो उघडून बघायचा. तीच आपली वही.”

शूच्या स्प्रिंगा निघतात. एक उडून शेजारच्या पाण्याच्या पाइपाजवळ जाते आणि ती शोधण्यात दहा मिनिटं जातात. मग खरी अडचण. केबल मागच्या पत्र्यातून जिथं आत शिरते तिथं पंज्यासारखी क्लिप आहे. तिचे सगळे कान एकदम मिटले तरच केबल बाहेर पडते, आणि पक्कड एका वेळी दोनच कान धरते. तिसरा धरला की पहिला उघडतो. भाच्याचा खांदा बोलायला लागलाय. अप्पा थोडा वेळ गंमत बघतात, मग हात पुढं करतात. “रिंग पाना दे.” मी देते, तो ढिला. दुसरा देते, चढत नाही. तिसरा क्लिपवरून अलगद सरकतो, कान मिटतात आणि केबल घरंगळत बाहेर येते.

अप्पा ती मांडीवर घेतात. बाहेरचं काळं आवरण, ज्याला गॅरेजात आउटर म्हणतात, एक्सलजवळच्या वळणावर बोटभर फाटलंय. तिथून पावसाचं पाणी शिरलं, गंज फुगला, आणि आतली पोलादी तारांची वेणी, म्हणजे इनर, जागच्या जागी घट्ट झालीय. भाचा पक्कडीनं ओढतो, दोन्ही पाय लावून ओढतो. केसभरही हलत नाही.

“वापरली नाही म्हणून गेली,” अप्पा म्हणतात. “हिच्या आतून तार रोज मागंपुढं व्हायला पाहिजे.”

हे ते आईच्या दगडाकडं बघून म्हणतात. पण दगडाची प्रथा कुणी पाडली, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी सकाळी हलेना. शू ड्रमला चिकटले होते. तेव्हापासून “ओढू नका रे, जाम होतो,” असं म्हणणारे अप्पाच. मी हे बोलून दाखवत नाही. टॉर्च मात्र क्षणभर दगडावर नेते.

आता नवी केबल. हे मॉडेल १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्यांदा रस्त्यावर आलं आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तरी सुटे भाग अजून काउंटरवर मिळतात. काल मी स्वतः दोन्ही केबली आणल्या, डावी-उजवी असं स्पष्ट सांगून. अप्पा जुनी केबल फरशीवर सरळ पसरतात, शेजारी नवी ठेवतात. नवी चार बोटं वेगळी. दुसरी पिशवी फोडतात. तीही तेवढीच. दुकानदारानं दोन्ही उजव्याच दिल्यात.

“गाडीला बसवून बघितली असती तर दुपार गेली असती,” अप्पा शांतपणे म्हणतात. मला रागावलेलं परवडलं असतं. मी जुनी केबल वळ्यासारखी गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकते. दुकान दहाला उघडतं.

परत येते तेव्हा पाणी गेलेलं आहे, पाइप गुंडाळले गेलेत आणि शेजारचे अण्णा स्टुलाशेजारी खुर्ची टाकून बसलेत. अण्णांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली. भाच्याला डावी केबल बसवताना आणि मग उजवा ड्रम उघडताना ते बघत राहतात. उजवी केबल जाम नव्हती. तिच्या निम्म्या तारा तुटून मक्याच्या तुऱ्यासारख्या विस्कटल्यात. अण्णा तो तुरा बोटानं चाचपतात.

“एकीकडचा ताण गेला की सगळा दुसरीवर येतो,” ते म्हणतात. “ताण्याचंबी तसंच की ओ.”

अप्पा मान हलवतात. सकाळपासून कुणाचं ते पहिल्यांदाच ऐकतायत.

उजवी बाजू अर्ध्या तासात होते. आता हात सरावलाय, क्लिपसाठी तिसरा पाना मी न मागता देते. लिव्हरला आकडा अडकतो, शू बसतात, स्प्रिंगा ताणून चढतात, नट आवळला जातो, नवी पिन वाकवली जाते. अप्पा कुणाचाही हात न धरता उठतात, ड्रायव्हरच्या सीटवर बसतात आणि पायाचा ब्रेक पाच-सहा वेळा दाबतात, शू आपल्या जागी यावेत म्हणून. मग दोन सीटांमधलं कव्हर उघडून दांड्याखालच्या नटावर पाना लावतात. हे काम त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेलं होतं, ते आत्ता कळतं.

नट अर्धा फेरा. दांडा वर: आठ कट. खाली. पुन्हा अर्धा फेरा. वर: सात. भाचा मागं बसून ड्रम हातानं फिरवतोय.

“डावा फिरतोय?”

“थोडा घासतोय, अप्पा.”

पाव फेरा उलट. पुन्हा दांडा. दांडा खाली असताना दोन्ही ड्रम मोकळे फिरले पाहिजेत, सहाव्या दाताला दोन्ही एकदम धरले पाहिजेत, एक आधी आणि एक नंतर चालणार नाही. अण्णा खुर्चीवरून उठून डाव्या ड्रमला हात लावून बघतात, मग उजव्याला. “सारखं आलं,” म्हणतात. अप्पा नट तिथंच सोडतात.

चाकं चढतात, स्टँड निघतात, तीन दगड भिंतीकडं जातात. गल्लीच्या टोकाला नाल्यावरच्या पुलाचा चढ आहे. तिथं गाडी नेऊन अप्पा मधोमध थांबवतात. इंजिन बंद. गिअर न्यूट्रल. पायाच्या ब्रेकवरून पाय काढायच्या आधी दांडा ओढतात आणि खिडकीतून आम्हाला कट ऐकू येतात: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पाय काढतात. भाचा सवयीनं मागच्या चाकाजवळ चौथा दगड घेऊन उभा आहे. गाडी स्प्रिंगांवर जरा बसते, बोटभर, आणि थांबते.

अप्पा उतरतात, दार लावतात आणि मागं न बघता घराकडं चालायला लागतात.

घरी आल्यावर आई दोन गोष्टी तपासते. चादरीवरच्या मोराला ग्रीस लागलंय, ते निघणार नाही. दगडाला काही झालेलं नाही. तो ती उचलून नळाखाली नेते, घासते आणि धुण्याच्या जागी ठेवते. मंगळवारी डिकीत फक्त स्टेपनी असेल. आणि तुमची गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर आज एकदा इंजिन बंद करून, काच खाली घेऊन दांडा ओढा आणि दात मोजा.